पातळी

कोत्कामध्ये डिसेंबरात संध्याकाळ दुपारी तीनलाच येऊन बसते.
बंदरातल्या क्रेनचे लाल दिवे तेवढे वर जागे,
खाली समुद्र गोठलेला, मुका.
टाइस्तोच्या तळघरात आम्ही पाच जण,
बुटांवरचं बर्फ वितळून दाराशी डबकं,
टेबलावर वेलदोड्याचा पाव, कॉफीची किटली,
आणि मधोमध, कोऱ्या छपाईचा वास मारणारी,
खेळाची नवी पुरवणी : मिठाच्या राणीचा किल्ला.
पाठीवर बारीक अक्षरांत :
दहाव्या पातळीच्या तुकडीसाठी.

आधी शस्त्रं.
टाइस्तो दिवसभर क्रेन चालवतो, त्याला परशूच हवा,
दोन हातांचा, नाकापेक्षा मोती जड,
नाव कागदावर लिहून झालं की फुंकर घालतो वर,
जणू पात्यावर धूळ बसली असावी.
ऊर्पो टपालखात्यातला. बाण मोजतो
रजिस्टर पत्रांसारखे, प्रत्येकाची पोच हवी त्याला.
वेल्लामो शाळेत तीनशे पोरांचं सूप ढवळून आलेली,
चाळीस मिनिटं एकाच प्रश्नावर अडलेली :
पेटणारी तलवार घ्यावी की गाणारी?
"गाणारी अंधारात दगा देईल."
"आणि पेटणारी काय लपून बसेल?"
कॉफी निवते. भांडण नाही निवत.

मग मी बेरीज करतो, कारण पडद्याआड बसणाऱ्याचं तेच काम.
दहा, दहा, दहा.
आणि हिल्क्काची सहा.
छत्तीस भागिले चार. नऊ.
मीठ नवव्या पातळीला माफ करत नाही.

कुणीच काही बोलत नाही.
शेवटी ऊर्पो म्हणतो, खोडरबर पुढे सरकवत,
"सहाचे दहा करायला कितीसा वेळ लागतो?
लुटूपुटूची तर लढाई."

हिल्क्का बाही खाली ओढते.
डाव्या कोपराच्या वळणावर कालची पट्टी.
सोमवार, बुधवार, शुक्रवार ती यंत्राला जोडलेली असते,
चार-चार तास, आणि तिथेही पातळ्याच मोजतात,
पोटॅशियमची, पाण्याची, आणखी कशाकशाची,
वाढली की तोंडं उतरतात तिथे.
आमचा खेळ बुधवारी असायचा.
तो मंगळवारी आणायला आम्हाला
दोन वर्षं लागली.

"त्या चार पातळ्यांत मी नव्हते," ती म्हणते,
"तुम्ही दलदल ओलांडलीत, मी नव्हते.
ड्रॅगनची अंडी फोडलीत, मी नव्हते.
नसलेल्या जागेचं बक्षीस मला नको."
"पण तूही तिकडे लढतच होतीस," वेल्लामो म्हणते,
डोळ्यांत पाणी, हातात पाव.
"त्याचे गुण मांडू नका. तो खेळ नव्हता."

मग ती शस्त्रांच्या यादीवरून बोट फिरवते,
मंतरलेली गदा, विजेचा चाबूक, सगळं ओलांडून,
शेवटच्या पानावर, स्वस्तातल्या मालात, थांबते.
भाला. साधा. दांडा लांब.
"कुणी किती जवळ यायचं
ते इथे तरी मी ठरवीन.
बाकीचे दिवस सुई ठरवते."

मी पडद्याआड राणीच्या प्राणांचा आकडा बघतो.
एकशे ऐंशी. पेन्सिलीनेच लिहिलाय.
खोडरबर अजून टेबलावर, माझ्या हाताशी.
"आणि तू तिचे प्राण कमी करू नकोस,"
हिल्क्का मान वर न करता म्हणते.
मी खोडरबर पावाच्या ताटलीखाली सारतो.

पहिला फासा तिचा.
टेबलाच्या कडेवर आपटतो, उडी घेतो,
डबक्यातून घरंगळत हीटरच्या मागे जातो.
ऊर्पो म्हणतो, परत टाक, धरला नाही.
वेल्लामो म्हणते, हो, परत.
टाइस्तो तोवर पोटावर आडवा,
तोंडात टॉर्च, एक हात धुळीत,
परशू-बिरशू विसरून.
"दिसला!"

"हलवू नकोस," हिल्क्का उभी राहते,
खुर्चीला एक हात टेकून,
"पडलाय तसा वाच."