चावी

सर्वेक्षणाची मुलगी आली होती, हातात टॅब.
नकाशावर आमचा उतार गडद, जवळजवळ काळा,
उंड्रीकडची टेकाडं फिकट पिवळी.
"काका, ही घनता."
मी म्हटलं, म्हणजे दाटपणा. दह्याचा असतो तसा.
ती हसली. लिहून मात्र घेतलं नाही.

माझ्याकडे नकाशा नाही.
साडेचार फुटी लोखंडी चावी आहे.
पहाटे पावणेचारला
पर्वतीखालचा व्हॉल्व्ह बावीस आटे उलटा फिरवायचा
आणि पाणी चढताना ऐकत उभं राहायचं.
कुठं किती माणसं, ते मला मिनिटांत कळतं.

सदाशिव पेठेत एका खोलीत आठ पोरं,
औशाची, परतूरची, एक मंगळवेढ्याचं.
आठ बादल्या, एक आरसा,
दारावर चिकटवलेलं नदीखोऱ्यांचं कोष्टक.
मी म्हटलं, लांब स्वस्त मिळेल की रे.
"अभ्यासिका रात्री दोनला बंद होते, काका.
इथून पायी सात मिनिटं."
भाडं ते खोलीचं देत नाहीत,
त्या सात मिनिटांचं देतात.

शेवंता ओव्हाळ चढावर राहते, अगदी वर.
हौसेनं कोण चढतं?
खाली सपाटीला सहा घरं,
त्या घरांची भांडी तिच्या हातात.
तिची पोरगी विचारते, आपण डोंगरावर का?
शेवंता म्हणते, भांडी खाली आहेत म्हणून.

उंड्रीत बावीस मजल्यांचा टॉवर पाहिला,
मेहुण्याचा टँकर तिथं जातो.
रात्री दिवे मोजले. एकोणीस.
बाकीच्या घरांचे मालक म्हणे दुबईत.
रिकाम्या खोल्यांचा भाव चढतो,
पाणी काही चढत नाही.

एवढी वर्षं चावी फिरवून एकच गोष्ट कळली, ती अशी:
दुधात पाणी घातलं की दूध विरळ होतं.
माळावर पाणी घातलं
की माळ दाट होतो.
मुलीला हे सांगायला हवं होतं,
पण तिला अजून चाळीस घरं करायची होती.

मी कुठं राहतो तेही तिनं विचारलं. टाकीला लागून, एक खोली.
का?
पावणेचारला बस नसते, बाई.

काल तिचा आकडा आला, वॉर्डात कागदावर लावलाय.
असेल बरोबर.
फक्त मंगळवारपासून
सगळ्यात वरच्या नळाला चार मिनिटं जास्त लागतायत.
कुणीतरी आलंय.
नवराबायको, एक लहान, बहुतेक एक म्हातारं माणूस.
मी अजून पाहिलं नाही त्यांना.
आज बावीस आटे झाल्यावर
अर्धा आटा आणखी दिला.