काना-मात्रेविना

भोईवाड्यात जिन्याखाली माझं दुकान, नऊ बाय सहा.
आत एकच मशीन, मशीनमध्ये तीन बिऱ्हाडं.
जुनी एक्सपी, कारण लग्नपत्रिकांचे फाँट
तिच्याशिवाय कुणाला ओळख देत नाहीत
आणि त्यांचा डोंगल मागच्या पोर्टात खुपसून
मी चिकटपट्टीने बांधलाय.
विंडोज दहा, जीएसटीपुरती.
आणि उबुंटू, भाचीने, ऋजुताने, घातलेली,
तिच्या प्रोजेक्टसाठी, मला विचारून, मला न कळता.

सुरू केलं की काळ्या पडद्यावर
इंग्रजी ओळी, आवृत्त्या, आकडे.
पेडणेकर मामा चष्मा कपाळावर चढवून विचारायचे,
"यातलं आपलं कुठलं?"
तोवर पाच सेकंद संपलेली.
उबुंटू उघडायची
आणि मामा तिच्याकडे
चुकीच्या लग्नाला आल्यासारखे बघत बसायचे.

डोंगरीहून मुनाफ दळवी आला. पिशवी उघडलीच नाही.
"यात खोलायचं काही नाही ताई, एक फाइल आहे, लिहायची."
किती वेळ थांबायला सांगू, म्हणाला.
मामांच्या हाताला कंप आहे, बाणाच्या बटणापर्यंत
बोट पोचायला वेळ लागतो. म्हटलं, तीस.
"उणे एक लिहिलं तर कायम थांबेल. कुणी येईपर्यंत."
मी त्या उणे एककडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
नको. तीस पुरे.
आणि मोजणी शून्यापासून, हेही त्यानेच सांगितलं.
मामा म्हणाले, "चाळीत तळमजला धरत नाहीत, तसं."

मग मी हट्ट धरला, नावं मराठीत हवीत.
मुनाफने फाँट चढवला, मशीन पुन्हा सुरू केलं.
'पत्रिका' आली:
त पाय मोडून बसलेला, र एकटा,
आणि वेलांटी र ला सोडून
शेजारच्या क ला बिलगलेली.

एक्केचाळीस वर्षं मामांनी प्रुफं वाचली.
कुणाच्या चिरंजीवाचा जी ऱ्हस्व होऊ दिला नाही.
"दुकानाचं हे पहिलं पान," ते म्हणाले,
"आणि पहिलीच वेलांटी परक्या घरी."

मुनाफला वाईट वाटलं, जणू त्याचीच चूक.
"याला सुटी अक्षरं कळतात मामा. जोडलेली नाही कळत."

मामांनी रद्दीतली पत्रिका उलटी केली, पेन्सिल घेतली.
काना नाही, मात्रा नाही, उकार नाही,
पहिलीतल्या पोराला देतात तसे शब्द.
पत्रिकांना लगन. "गावाला असंच म्हणतात."
जीएसटीला कर.
ऋजुताच्या अभ्यासाला उमज.
खाली एक ओळ उरली, मेमरी तपासायची,
आजवर कुणी न दाबलेली.
मुनाफ ती काढूनच टाकत होता.
"थांब," मामा म्हणाले,
आणि बराच वेळ पेन्सिल कागदावर टेकवून
लिहिलं: आठव.

पुन्हा सुरू केलं. चारही शब्द ताठ, धड, एका रेषेत.
मुनाफने कौतुकाने वरून खाली वाचायला घेतलं:

लगन
कर

आणि गप्प झाला. माझ्याकडे पाहिलं नाही.
मामांना खोकल्यासारखं काहीतरी झालं.
सेहेचाळीस वर्षांची मी.
या बोटांनी चार-पाच हजार तरी लग्नं लावली असतील,
मॅट कागदावर, सोनेरी गणपतीसकट.
आधी मुनाफ हसला की मी, आठवत नाही.
"क्रम फिरवू का ताई? दोन ओळींचं काम."
राहू दे, म्हटलं.

आता शटर वर केलं की
रोज तीस सेकंद ते मला सांगत राहतं.
तिमाही आली की मी बाण खाली नेते, एक घर.
ऋजुता आली की दोन.
आठवपर्यंत एकदाच गेले होते, चहा यायचा होता म्हणून.
ते रात्रीपर्यंत तपासत राहिलं. चूक सापडली नाही.

एरवी काहीच दाबत नाही.
उदबत्ती लावते, कालचा कचरा केराच्या डब्यात.
तीन, दोन, एक,
ते आपणच पहिली ओळ उचलतं.
मामांचा हात टेबलाच्या कडेला धरलेला,
आणि मी कुणाच्या तरी मुहूर्ताची मिनिटं टाइप करायला घेते,
बारा वाजून सदतीस.