फळ्यावरचं नाव

अमळनेरच्या दवाखान्यात, पडद्यामागं,
हिलाल दगा पाटील, वय त्रेचाळीस.
हातापायांना चिमटे लावले,
छातीवर गार जेल, सहा बटणं,
आणि सवयीनं म्हणाले, हलू नका.

तो हसला. "आजूनबी तेच?"

सहावी ब. मी मॉनिटर.
गुरुजी बाहेर गेले की फळ्यावर आधी त्याचं नाव,
मग पुढं फुल्या.
जितक्या फुल्या तितक्या छड्या.
एकदा पाय बाकाला बांधला, तर
बाकासकट निघाला दारापर्यंत:
जिनिंगच्या ट्रकमधून कापूस उडत होता, तो बघायला.

"धाकट्याला धुळ्याला दाखवलं," तो सांगतो.
"बाईंनी त्याचं लिहून घेतलं,
मग पेन थांबवून मला विचारलं,
लहानपणी तुम्ही कसे होता?"

बीपीच्या गोळ्या?
आहेत ना, ट्रॅक्टरच्या पेटीत. दोन पाकिटं. भरलेली.
झोप?
येते, पहाटे.
तंबाखू?
त्यानं डोकं जरा जागेवर बसतं.

डॉक्टरांच्या कागदावर याला एकच शब्द:
निष्काळजी.
अक्षर माझ्यासारखंच, गोल, नीटनेटकं.

यंत्र कुरकुरतं. गुलाबी चौकटींतून रेघ निघते,
आणि एक ठोका लवकर पडतो मधेच,
घंटेआधी दप्तर उचलल्यासारखा.
पुढं आणखी एक.

पट्टी फाडते. वर नाव लिहायचं असतं.
हि लिहिलं आणि बोटांना खडू आठवला.

"आते हालू का?"

जेल पुसायला कापूस देते त्याला.
जरा जास्तच.