दोनशे पंचवीस अक्रोड

फोडल्याशिवाय कळत नाही
आणि फोडलेला पोत्यात परत जात नाही.
अर्सलानबोबच्या अक्रोडवनात, ऑक्टोबरात,
एवढाच काय तो पेच.

मावलूदाने चिठ्ठ्या टाकून पोती काढली,
मग एकेकात कोपरापर्यंत हात घातला,
वरून, मधून, अगदी तळातून;
कारण वरचे सगळे देखणेच असतात,
हे पोतं भरणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.
शितावरून भात, म्हणतात, ठीक आहे.
पण शीत कुठलं, कोणी उचललं,
डोळे उघडे होते का मिटलेले?

ओदिल हातोडी घेऊन बसला. टक्.
पांढरा, लोण्यासारखा गर. टक्.
काळी भुकटी, तीत एक अळी, आळसावलेली.
टक्. टक्. दुपार झाली, चहा गार झाला.
मोजून दोनशे पंचवीस.
त्यातले पंचेचाळीस किडके.

पावतीच्या मागे तिने मांडलं:
किडके शेकडा वीस, धड शेकडा ऐंशी,
दोन्हींचा गुणाकार, भागिले दोनशे पंचवीस,
त्याचं वर्गमूळ, आणि त्याची जवळजवळ दुप्पट
वीसच्या अलीकडे, तेवढीच पलीकडे.
मग स्वच्छ अक्षरात लिहिलं:
पंधरा ते पंचवीस टक्के. विश्वास पंच्याण्णव.

ओशहून आलेला व्यापारी हसला.
"मी भाव विचारला, बाई,
तू मला कुरण दाखवलंस.
वीस म्हण आणि मोकळी हो."
"वीस हे या टोपलीचं.
तुम्ही टोपली घेणार की वखार?"
"मग अंतर कमी कर."
"करते. निम्मं हवं असेल तर
चारपट फोडावे लागतील. नऊशे.
फोडू? तुमच्या खर्चाने?"
तो पोत्यांकडे बघत राहिला.

म्हातारा हैतबाय दारात बसून ऐकत होता.
"म्हणजे खरा आकडा तुझ्या कुंपणात असण्याची
शक्यता शंभरात पंच्याण्णव. असंच ना?"
मावलूदा थबकली. असंच म्हणतात सगळे,
जिल्ह्याच्या कचेरीतले साहेबसुद्धा.

"आजोबा, तुम्ही रोज रात्री अंधारात
उंबऱ्यातूनच खुंटीवर फास टाकता ना, गाढवाचा?"
"टाकतो. गुडघे कुरकुरतात, कोण जाणार तिथवर."
"किती वेळा बसतो?"
"बसतोच. शंभरातून चार-पाच वेळा हुकत असेल."
"खुंटी हलते?"
"खुंटी कशाला हलेल? बाबांनी ठोकलीय."
"तसंच. खरा आकडा खुंटी आहे, जागच्या जागी.
हलतो तो माझा फास; दुसरी टोपली, दुसरा फास.
पंच्याण्णव ही माझ्या हाताची सवय आहे.
आजचा टाकून झाला. बसला, किंवा नाही बसला.
त्याला आता शक्यता कसली?"

हैतबायने दाढी खाजवली.
"पण मला सकाळी दिसतं, गाढव आहे की गेलं."
"हो," ती म्हणाली,
"आमची सकाळ होत नाही."

बराच वेळ कोणी बोललं नाही.
ओदिल टरफलं झाडत होता, धड गर एका थाळीत,
त्यातले तीन-चार हळूच तोंडात.

मग म्हाताऱ्याने पोत्यात हात घालून
एक अक्रोड काढला, कानाशी हलवला.
"आणि हा?"
"ह्याच्याबद्दल मला काहीच सांगता येत नाही."
"एवढं शिकून?"
"एवढं शिकून."
त्याने तो न फोडता खिशात टाकला.

व्यापाऱ्याने भाव ठरवला पंचवीस धरून;
मावलूदाने शेतकऱ्यांसाठी भांडून बावीसवर आणला.
कागदात बावीस कुठेच नव्हतं,
पण कागदाबाहेर नव्हतं, हेही खरं.

सही करताना तिचा अंगठा उमटला,
हिरव्या सालीचा डाग, जो थंडी संपेपर्यंत जात नाही:
काळा, पंधरा आणि पंचवीसच्या मध्ये,
जरा डावीकडे.

त्या रात्री हैतबायने उंबऱ्यातून फास टाकला,
क्षणभर थांबला,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच
कंदील घेऊन बघायला गेला.