उजवीकडून

मार्केट यार्डात रायगोंडा मगदूम तोलार होते.
हळदीचं पोतं काट्यावर चढायच्या आत
वजन बोलायचे, मग काटा हलत डुलत
त्यांच्या शब्दावर येऊन थांबायचा.

त्यांच्याकडे एक संख्या होती.
म्हणजे कुणाकडे म्हैस असते, तशी.

सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.

कुठून मिळाली, नीट सांगायचे नाहीत.
एकदा म्हणाले, भडंगाच्या पुडीचा कागद होता.

मी चौथीत. मला पोत्यावर बसवून
खडूनं फळकुटावर लिहिली: ७३९३९१३३.
"हिला भाग जात नाही. कशानंच.
आता शेवटचा तीन पूस."
पुसला.
"उरली तिलाही जात नाही. पूस पुढचा."
मी पुसत गेले. त्र्याहत्तर लाखांचे सात लाख,
सात लाखांचे त्र्याहत्तर हजार,
दर पुसण्याला नाव बदलायचं, खोड नाही.
सातशे एकोणचाळीस. त्र्याहत्तर.
सातावर बोट ठेवून म्हणाले,
"हा पण कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

"मग पुढं अजून एक आकडा जोडा की."

खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले.
"एक जोडला तर बेरीज एकोणचाळीस, तिनानं फुटते.
सात जोडला तर पंचेचाळीस, नवानं.
सम आकडे, पाच, यांचं तर बोलायलाच नको.
तीन आणि नऊ जरा नडतात,
मला दोघांनी मिळून एक दिवाळी खाल्ली,
पण तेही फुटतात.
हिच्यापुढं अशी नाही, पोरी. इथं रस्ता संपला."

हंगाम नसला की रात्री
जुन्या लाल चोपडीत भागाकार मांडायचे,
दोनापासून आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवापर्यंत
जेवढ्या मूळ संख्या, तेवढे. हजारावर.
बाकी उजव्या समासात.
शून्य एकही नाही.
अडत्यानं विचारलं, मगदूम, हे कुणाचं खातं?
म्हणाले, हजार जणांकडं बाकी आहे,
एकानंही मिटवलेलं नाही.

कृष्णा हरिपुरात शिरली त्या वर्षी
त्यांचं घर चार दिवस पाण्यात होतं.
आम्ही गाळ काढायला गेलो तेव्हा
चोपडी फळीवरच, एका अंगानं भिजलेली.
उजवा समास लगदा होऊन गेला होता.
बाक्या सगळ्या बुडाल्या.
पहिल्या पानावर, वर,
शाईच्या पाच आकड्यांनंतर चिखल.

कुणी काही बोललं नाही.
त्यांनी चष्मा धोतराला पुसला,
कागदावर अंगठा फिरवला, डावीकडून,
जिथं थांबायचं तिथं थांबले.

"त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस,"
म्हणाले.
"चालतंय."

आणि चोपडी उन्हात घातली,
वर एक वीट ठेवून.