कान शेवटी

साखर पेठेत माझा दवाखाना
आणि भिंतीपलीकडे चोवीस माग.
ताप कळतो, खोकला कळतो,
रक्तदाब पाऱ्याकडे बघत कसाबसा;
हृदयाचे पेशंट मात्र मी मंगळवारी बोलावते,
वीज नसते तेव्हा.

राजमल्लू येमूल. सत्तावीस वर्षं टॉवेलच्या मागावर.
जिना चढताना दम लागतो म्हणाला,
म्हणजे म्हणाली त्याची बायको;
त्याला माझा प्रश्न दोनदा ओरडून सांगावा लागला.
"मागानं खाल्ले की कान," ती म्हणाली,
मांजरानं दूध प्यालं, असं सांगावं तसं.

डाव्या कुशीवर वळा. श्वास सोडा. थांबा.
पहिला ठोका टणक. मग दुसरा.
मग त्याच्या पाठोपाठ काहीतरी,
शेजारच्या घरात कुणी
लोखंडी कपाट फरशीवरून सरकवावं तसं.
की पंखा? पंखा तर बंद.
की माझंच रक्त, माझ्याच कानात?
पन्नाशीनंतर हीही शंका घ्यावी लागते.

"लहानपणी सांधे सुजायचे?" (ओरडून.)
"सुजायचे. आधी गुडघा, मग मनगट.
आई एरंडाचं पान बांधायची."

पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदाही.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत राहिलं.

तेव्हा त्यानं माझा हात हळूच बाजूला केला,
आणि बरोबर तिथंच, बरगड्यांवर,
आपला तळवा ठेवला;
बोटं नव्हेत, बोटांच्या मुळाशी घट्टे पडतात ती जागा.
डोळे मिटले.
"माग बिघडला तर आमी ऐकत नाही बाई,
ऐकायला काय येतंय तिथं?
चौकटीवर हात ठेवायचा.
हे बगा. धोटा जातोय,
पण घासून जातोय."

मी हात ठेवला.
थरथर होती. स्पष्ट, हट्टी,
कातडीच्या अगदी जवळ.
आधी डोळे, मग हात, कान शेवटी:
सिव्हिलच्या वॉर्डात हे मला पाठ होतं,
आणि तीस वर्षांत मी
थेट कानापासूनच सुरुवात करू लागले होते.

झडप अरुंद झालीय, मी कागदावर लिहिलं,
इकोसाठी चिठ्ठी दिली, औषधं दिली.
"कापावं लागेल?" बायकोनं विचारलं.
बघू, म्हटलं. कधीकधी फुगा घालून उघडते.

इतक्यात वीज आली, तासभर आधीच.
चोवीस माग एकदम सुटले,
टेबलावरच्या बाटल्या किणकिणायला लागल्या.
शर्टाची बटणं लावत तो दाराशी थांबला,
भिंतीला तळवा टेकवला,
आणि माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाला,
"कोपऱ्यातला एक ढिला झालाय.
मालकाला सांगा."