जेवणाआधीची गोळी

मकानदार डॉक्टरीणबाईंनी नायलॉनचा दोरा
माझ्या तळपायाला टेकवला, जरासा वाकवला.
'डोळं मिटा काकी, लागंल तिथं सांगा.'
मी गप्प.
चाळीस वर्षं झाली सुभाषनगरात,
मी पायताणाच्या वेण्या घालतो.
कुठला दोरा किती जाड, बोटाला न बघता कळतंय.
आणि ह्यो अंगठ्याखाली टेकलेला असूनबी
मला वाटलं, बाईंनी अजून हातच लावला न्हाई.

मग कागद आला. उपाशी पोटी दोनशे बारा.
खाली आणि एक आकडा, तीन म्हैन्यांचा,
दहाच्या वर.
'काल लाडू चुकवला म्हणून ह्यो फसत न्हाई,' बाई हसल्या.
आमच्या व्यापाऱ्याची वही तसलीच.

मोठी गोळी पांढरी, चिंचोक्याएवढी.
मेटफॉर्मिन. नाव पाठ व्हायला आठवडा गेला.
डबी उघडली की सुकटीच्या पिशवीचा वास.
'काळीज रातभर साखर सोडत बसतंय काकी,
कुणी मागितली नसताना.
ही त्याचा हात धरती.'
काळीज म्हंजे ते खाटकाकडचं, लिव्हर, हे मागनं कळलं.
तवर मी आपला म्हणत राहिलो,
काळजाला वळण लावायची गोळी
माझ्या लग्नाच्या वक्ताला का निघाली न्हाई?

पहिलं आठ दिस पोटात नुसती पळापळ.
गोदाक्का कारल्याचा रस घिऊन दारात,
'सोड की ती इंग्रजी औषधं.'
सोडणारच व्हतो.
पण मामंजी आठवले, हिरड्याच्या पाण्यात कातडं टाकून
रोज काठीनं उलटं करायचे,
झालं का म्हणून कधी बोट लावून बघितलं न्हाई.
रस पिला, गोदाक्काचं मन राखलं.
गोळी जेवणासंगं घेत गेलो. पोट आपसूक गप झालं.

दुसरी बारकी, मसुराच्या डाळीएवढी,
हिनं मला धडा दिला.
'ही स्वादुपिंडाला ढोसती, ऊठ, इन्सुलिन सोड.
ही पोटात गेली की ताट समोर पायजे.'
ताट व्हतंच समोर. झाकलेलं.
तेवढ्यात पोर्लेकरांचा गडी आला,
साठ जोडांच्या वेण्या, सांजच्याला.
म्हटलं एवढी एक पुरी करतो, मग भाकरी.
एकीच्या चार कधी झाल्या कळलं न्हाई.

पाचवीला पट्ट्या बोटातनं निसटायल्या.
पदर घामानं भिजला, पंखा चालू असताना.
तेजल काय इचारतीया ते ऐकू येतंय,
पण जीभ दुसऱ्याच कुणाची तरी.
पोरगी दवाखान्यात माझ्यासंगं बसलेली, तिनं ऐकलेलं.
पाण्यात तीन चमचे साखर ढवळली,
माझी हनुवटी धरली आणि पाजली.
वर्षभर जिला दाराबाहेर उभी केली,
तिलाच हाताला धरून आत आणावं लागलं.
कधी न्हाई ती एवढी गोड लागली,
आणि मला रडू आलं, ते घामात कुणाला दिसलं न्हाई.

बाईंनी ती बारकी गोळी निम्मी केली.
तिसरी एक दिली, ती मुतातनं साखर बाहेर काढती म्हणे.
मी म्हटलं, बाई, रंकाळ्याला सांडवा असतोय तसं?
'तसंच. पाणी मातूर पीत जावा.'

उरलेल्या चामड्याच्या तुकड्यातनं मी एक बटवा शिवला,
बोटभर, तोंडाला गाठीची वादी.
निम्मी गोळी त्यात. बटवा भाकरीच्या डब्याच्या कडीला.
डबा उघडल्याशिवाय गोळी निघत न्हाई.
तेजल म्हणाली, असलं इकलं तर खपंल.
बघू.

परवा परत दोरा टेकवला.
टाचेला लागतोय. कडंला लागतोय.
अंगठ्याखाली अजून न्हाई, आणि
'ते बहुतेक परत यायचं न्हाई काकी,' बाई सरळ बोलल्या.
आकडा सातावर आलाय.
रोज रात्री आरसा जमिनीवर ठिवून
मी माझंच तळवं बघतो,
गिऱ्हाइकाचं बघावं तसं.

पाचवी वेणी वाकडी झालेली, मी उसवली न्हाई.
खिळ्याला टांगलीया, कॅलेंडरच्या शेजारी.
पोर्लेकरांचा गडी दारात आला की
तेजल आधी तिकडं बघती,
मग डब्याकडं.